निखाऱ्यांवरच्या जाळीची निगा

बांगडा भाजताना त्याची कातडी जाळीला चिकटून निघाली, की दोष बहुधा माशाला नाहीतर आचेला दिला जातो. खरे कारण बहुतेक वेळा जाळीच असते. थंड व मळकट धातूवर ठेवलेल्या माशातील प्रथिने तापता तापता धातूला घट्ट धरून बसतात. जाळी आधी कडक तापवून तिला तेलाचा बोळा फिरवला असेल, तर मासा सहज सुटतो.

न्हावा-शेवा परिसरात या जाळीला दोन शत्रू आहेत. एक चरबीचा थर, दुसरा खाडीची हवा. १९८९ मध्ये येथे बंदर सुरू झाले, किनाऱ्याचे रूप पालटले. वाऱ्यातला खारेपणा मात्र तोच राहिला. हवेतील मीठ ओलावा ओढून घेते आणि लोखंड झपाट्याने गंजते. माशाला लावलेले मीठ व चिंचेचा कोळ त्यात भर घालतात. स्टेनलेस स्टीलही यातून पूर्णपणे सुटत नाही. त्यावर बारीक खड्डे पडतात.

भाजणे संपल्यावर जाळी दहा-पंधरा मिनिटे निखाऱ्यांवरच राहू द्यावी. अडकलेले कण जळून ठिसूळ होतात व लाकडी पट्टीने खरवडून निघतात. उरलेल्या ओशटपणाला चाळलेली राख आणि ओला काथ्या पुरेसा आहे. राखेतील क्षारांचा चरबीशी संयोग होऊन एक प्रकारचा साबणच तयार होतो. आपल्याकडे भांडी राखेने घासत, ते उगीच नव्हे. धुतलेली जाळी पुन्हा आचेवर धरून कोरडी करावी व गरम असतानाच तेलाचा पातळ हात फिरवावा. तेल जास्त झाले तर ते चिकट होऊन धूळ धरते.

तारेचा ब्रश मात्र वापरूच नये. त्याची सुटलेली तार केसासारखी बारीक असते. ती जाळीवर राहून घासाबरोबर पोटात जाते. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात अशा सहा रुग्णांची नोंद झाल्याचे तेथील रोग नियंत्रण केंद्राने २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. कुणाच्या मानेत तार रुतली होती, कुणाच्या आतड्याला भोक पडले होते.

कुंपणाच्या जाळीचा उरलेला तुकडा शेगडीवर ठेवण्याची युक्तीही धोक्याची. तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते आणि फुललेले निखारे त्याहून कितीतरी तप्त असतात. अशी जाळी कितीही घासली तरी अन्नासाठी योग्य होत नाही. ती कुंपणालाच लावावी.