‘नाही’ हे कसं कळतं? बायोसेन्सर आणि अभावाचं ज्ञान



विषय बायोसेन्सरचा आणि बोलणारा तत्त्वज्ञानाचा माणूस, याचं काहींना नवल वाटलं असेल. यंत्र कसं बनवायचं हे मी सांगू शकणार नाही, ते पवईच्या लोकांचं काम. पण यंत्राने सांगितलेलं कधी मानायचं आणि कधी नाही, हा ज्ञानमीमांसेचा प्रश्न आहे, आणि तो निर्मळमध्ये विचारणं फार सोयीचं आहे. गावाचं नावच बघा. मळ म्हणजे घाण, आणि निर्मळ म्हणजे ती नसणं. हे नाव काही आहे असं सांगत नाही, काही नाही असं सांगतं. परशुराम आणि विमलासुराच्या कथेमुळे इथल्या तळ्यांना पावित्र्य आलं, कार्तिकात यात्रा भरते, ते सगळं ठीक. पण पाण्यात मळ नाही हे कळतं कशावरून? डोळ्यांवरून नाही. कावीळ-जुलाब करणारे जंतू पाण्याचा रंग बदलत नाहीत.

बायोसेन्सर म्हणजे काय, ते आधी थोडक्यात पाहू. त्याचे दोन भाग. एक सजीवांकडून उसना घेतलेला, म्हणजे एखादं एन्झाइम, एखादी अँटीबॉडी किंवा अख्खा जिवंत जंतू. हा भाग हजार पदार्थांच्या गर्दीत एकच पदार्थ ओळखतो. पण त्याला बोलता येत नाही. म्हणून दुसरा भाग, जो त्या ओळखीचं विजेच्या किंवा प्रकाशाच्या खुणेत रूपांतर करतो. पहिला ओळखतो, दुसरा सांगतो.

याचा आरंभ अमेरिकेतल्या लेलँड क्लार्क यांच्यापासून धरतात. हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी रक्तात ऑक्सिजन किती आहे हे त्यांना मोजायचं होतं. रक्तातली प्रथिनं इलेक्ट्रोडवर चढून तो बिघडायचा, म्हणून त्यांनी इलेक्ट्रोड पातळ पडद्याआड ठेवला. १९५६ साली हा ऑक्सिजन इलेक्ट्रोड प्रसिद्ध झाला. पुढे १९६२ साली चॅम्प लायन्स यांच्याबरोबर त्यांनी एक साधी युक्ती मांडली: पडद्याजवळ ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम ठेवा. ते ग्लुकोजला भिडलं की ऑक्सिजन खातं. ऑक्सिजन जितका घटला तितकं ग्लुकोज. गंमत लक्षात येते का? पहिल्याच बायोसेन्सरने साखर थेट पाहिली नाही. ऑक्सिजन कमी झाला, या उणिवेवरून साखरेचं अनुमान केलं.

१९८७ साली पेनाएवढं ग्लुकोमीटर बाजारात आलं. आपल्याकडे २०१४ साली आयसीएमआरच्या पुढाकाराने स्वस्त देशी मीटर जाहीर झाले. त्यातल्या ‘सुचेक’मागे आयआयटी मुंबई आणि बायोसेन्स कंपनीचं काम होतं. माझ्या घरी अर्थातच एक मीटर आहे. सत्तरी ओलांडलेल्या प्राध्यापकाच्या घरी पुस्तकं आणि ग्लुकोमीटर असायचेच.

आता माझ्या विषयाकडे येतो. आपल्या परंपरेत ज्ञानाच्या साधनांना प्रमाणं म्हणतात. प्रत्यक्ष आणि अनुमान सगळ्यांना माहीत आहेत. पण अद्वैत वेदान्ती आणि भाट्ट मीमांसक सहावं एक प्रमाण मानतात: अनुपलब्धी, म्हणजे न सापडणं. ‘जमिनीवर घडा नाही’ हे मला कसं कळतं? घडा दिसला नाही, यावरून. नैयायिक म्हणतात, यासाठी वेगळं प्रमाण नको, प्रत्यक्षातच हे भागतं. तो वाद आज बाजूला ठेवू. महत्त्वाची आहे ती त्यांनी घातलेली अट. नुसतं न सापडणं पुरत नाही, ती ‘योग्य’ अनुपलब्धी हवी. म्हणजे वस्तू तिथे असती तर या परिस्थितीत ती नक्की सापडली असती, अशी खात्री हवी. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असं म्हणता येत नाही. बौद्ध आचार्य धर्मकीर्तींचं उदाहरण पिशाच्चाचं आहे. पिशाच्च मुळातच दिसण्याजोगं मानलेलं नाही, त्यामुळे ते दिसलं नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही.

ही अट घेऊन आता २०२० मध्ये चला. त्या जूनमध्ये आयसीएमआरने करोनाच्या रॅपिड अँटिजेन चाचणीला परवानगी दिली. ती पट्टी म्हणजे अँटीबॉडीवर चालणारा बायोसेन्सरचा साधा भाऊच. नियम असा होता: पट्टीने ‘आहे’ म्हटलं तर मान्य, पुन्हा तपासायचं नाही. ‘नाही’ म्हटलं आणि माणसाला लक्षणं असली, तर आरटी-पीसीआर करायची. लोक वैतागले, एकाच पट्टीवर निम्मा विश्वास कसा म्हणून. पण नियम तर्कशुद्ध होता. विषाणू कमी असला तर पट्टीला तो दिसतच नाही, म्हणून तिचं ‘नाही’ हे अंधारातल्या घड्यासारखं. हृदयविकारातही हेच. छातीत दुखायला लागल्या लागल्या ट्रोपोनिन तपासलं तर ते नॉर्मल येऊ शकतं, कारण ते रक्तात वाढायला काही तास जातात. डॉक्टर काही तासांनी पुन्हा रक्त मागतात तेव्हा ते पैसे काढत नसतात, अनुपलब्धी ‘योग्य’ करून घेत असतात.

‘आहे’ सुद्धा डोळे मिटून घेऊ नये. काही ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांमधलं एन्झाइम माल्टोज या दुसऱ्या साखरेलाही ग्लुकोज समजत असे. पोटातून डायलिसिस करणाऱ्या काही रुग्णांच्या द्रवातून शरीरात माल्टोज येतं. मीटर साखर भरपूर आहे असं दाखवायचं, इन्शुलिन दिलं जायचं, आणि खरी साखर आधीच खाली असायची. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ साली इशारा दिला तेव्हा त्यांच्याकडे अशा १३ मृत्यूंची नोंद होती. दुसरी गोष्ट आपल्या घरातली. रक्तात तांबड्या पेशी कमी असतील, तर पुष्कळ पट्ट्या साखर असते त्यापेक्षा जास्त दाखवतात. नवी मीटर हे दुरुस्त करून घेतात, जुनी नाहीत. आपल्या देशात निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. तेव्हा घरातल्या बाईला घाम फुटलाय, हात थरथरतायत आणि मीटर ‘ठीक’ म्हणतंय, तर मीटरपेक्षा बाईचं ऐका, डॉक्टरांना फोन करा.

आता पाणी. सांडपाण्याची घाण मोजायचं जुनं माप म्हणजे बीओडी: पाण्यातले जंतू ती घाण खाताना किती ऑक्सिजन संपवतात ते. मूळ पद्धतीत बाटली २० अंशांवर पाच दिवस ठेवायची, आपल्या हवामानासाठी २७ अंशांवर तीन दिवस. तीन दिवसांनी उत्तर येईपर्यंत ते पाणी खाडीतून समुद्रात गेलेलं असतं. जपानमध्ये इसाओ कारुबे यांनी १९७७ साली क्लार्कच्याच इलेक्ट्रोडवर जिवंत जंतू बसवले आणि हा अंदाज मिनिटांवर आणला. तारापूरसारख्या औद्योगिक वसाहतीला लागून मासेमारी करणाऱ्यांना या फरकाची किंमत कळते.

पण विहिरीचं, बावखलाचं पाणी ही वेगळी गोष्ट. तिथे ‘घाण किती’ असा प्रश्न नसतो, ‘आहे की नाही’ असा असतो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, सांगतं की १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय आढळता कामा नये. कायद्याच्या भाषेतली ही शुद्ध अनुपलब्धी! आयआयटी मुंबईत सौम्यो मुखर्जी यांच्या गटाने यासाठी यू आकारात वाकवलेला प्रकाशतंतू वापरला. वाकलेल्या जागी थोडा प्रकाश तंतूच्या पृष्ठभागाबाहेर डोकावतो. तिथे अँटीबॉडी चिकटवलेल्या असतात, त्यांनी जंतू पकडला की प्रकाश बदलतो. काम सुंदर आहे. पण अशा झटपट सेन्सरांना साधारणपणे दर मिलिलिटरला शेकडो-हजारो जंतू लागतात, आणि मानकाला १०० मिलिलिटरमध्ये एकही चालत नाही. म्हणून ‘पाणी बिघडलंय, पिऊ नका’ असं तासाभरात सांगायला सेन्सर उत्तम. ‘पाणी निर्मळ आहे’ असं म्हणायला अजून जंतू वाढवून पाहण्याची संथ पद्धतच लागते.

गावात मिळणारी एचटूएसची बाटली याच संथ जातीची. १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मांजा, मौर्य आणि राव यांनी ती प्रसिद्ध केली. पाणी भरायचं, उबेत ठेवायचं, विष्ठेबरोबर येणारे जंतू असले की एक-दोन दिवसांत पाणी काळं होतं. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या बायकांना हे शिकवतात. पण बाटलीत पाणी मावतं साधारण वीस मिलिलिटर, मानक शंभराचं आहे, म्हणून एकाच विहिरीच्या पाच बाटल्या लावा. खाजणालगतच्या पाण्यात मुळातच सल्फाइड असेल तर जंतू नसतानाही ते काळं पडू शकतं. तिथे लॅबकडे जा. लॅबच्या कागदावर ‘बीडीएल’ लिहिलेलं असलं तर ते शून्य नव्हे. त्यांच्या यंत्राला दिसतं त्यापेक्षा कमी, एवढाच त्याचा अर्थ. यंत्राला किती दिसतं आणि मानक किती आहे, हे दोन्ही आकडे मागून घ्या. आणि विहिरीत सकाळी टीसीएल पावडर टाकून दुपारी एचटूएसची बाटली भरू नका. पावडरने जंतू तेवढ्यापुरते मेलेले असतात आणि पाणी स्वच्छच दिसतं. आधी ओटी टेस्ट करा. पिवळा रंग आला तर थांबा, दोन-तीन दिवसांनी पिवळं येईनासं झालं की मग बाटली लावा.

आता प्रश्न घेऊ या.