फी शून्य, मग बारा लाख कशाचे?

परदेशी पदवी, घरचं बजेट : लेखांक ५

मागच्या लेखांकात आपण ब्रिटनमधल्या एका वर्षाच्या मास्टर्सचा हिशेब मांडला. तिथे मोठा पैसा फीत जातो. या वेळी नेमका उलट देश घेऊ: जर्मनी. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, हे आता गावोगावच्या कौन्सेलिंगवाल्यांच्या पाट्यांवरही असतं. पाटी खरी आहे, पण अर्धी. फी नसली तरी व्हिसासाठी बारा लाखांच्या आसपास रक्कम आधी बाजूला काढून दाखवावी लागते. घराघरांत हिशेब बिघडतो तो इथे.

आधी फी का नाही, ते पाहू. जर्मनीत शिक्षण हा राज्यांचा विषय. केंद्राने घातलेली फीबंदी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २००५ मध्ये याच मुद्द्यावर रद्द केली आणि सात राज्यांनी सत्राला साधारण ५०० युरो फी लावली. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, निवडणुकांत तो मुद्दा झाला आणि एकेक राज्य माघारी फिरलं. हेसेने २००८ मध्ये फी काढली, लोअर सॅक्सनीने सगळ्यांत शेवटी, २०१४ मध्ये. म्हणजे मोफत शिक्षण हा राज्याराज्यांचा राजकीय निर्णय आहे आणि तो बदलू शकतो. बाडेन-व्युर्टेम्बर्गने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो फी लावली. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून त्यांच्याकडून मास्टर्ससाठी सत्राला ४,००० ते ६,००० युरो घ्यायला सुरुवात केली. तेव्हा ‘जर्मनीत फी नाही’ यावर थांबू नका. कोणतं राज्य, कोणतं विद्यापीठ, कोणता कोर्स, हे विचारा.

आणखी एक प्रश्न विचाराच: विद्यापीठ सरकारी की खासगी? खासगी विद्यापीठं पूर्ण फी घेतात. प्रवेश सोपा, शिकवणं इंग्रजीत आणि एजंटला सहसा कमिशनही तिथूनच मिळतं. एजंटने सुचवलेल्या यादीत एकही सरकारी नाव नसेल, तर ती यादी कोणाच्या सोयीची आहे हे ओळखा.

आता ते बारा लाख. याला ब्लॉक्ड अकाउंट म्हणतात. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात. एका युरोचे शंभर रुपये धरले, तर जवळपास बारा लाख. ही फी नाही आणि डिपॉझिटही नाही. पैसे विद्यार्थ्याचेच. तिथे पोहोचल्यावर महिन्याला ९९२ युरो या हप्त्याने ते त्याच्या हातात येतात. हा आकडा जर्मन सरकार आपल्या गरजू विद्यार्थ्यांना जास्तीत जास्त जी मदत देतं, तिच्यावरून घेतलेला आहे. त्या मदतीत घरभाड्यासाठी ३८० युरो धरलेले असतात.

खरी मेख या ३८० मध्ये आहे. म्युनिकमध्ये शेअर फ्लॅटमधली एक खोलीच सातशे-आठशे युरोंना जाते. केमनिट्स, माग्डेबुर्ग, इल्मेनाउ अशा पूर्वेकडच्या शहरांत तीच गरज निम्म्याहून कमी पैशांत भागते, आणि तिथली तांत्रिक विद्यापीठंही सरकारीच आहेत. फी दोन्हीकडे नसेल, तर दोन वर्षांच्या खर्चातला सर्वांत मोठा फरक शहर ठरवतं. भाड्यापलीकडे विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा महिन्याला सुमारे १४०-१५० युरो. वयाची तिशी ओलांडली की हा सवलतीचा दर मिळत नाही, हे नोकरी करून मग शिकायला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. घरटी महिन्याला १८.३६ युरो रेडिओ-टीव्ही शुल्क, टीव्ही नसला तरी. विद्यापीठाचं सत्रशुल्क बहुतेक ठिकाणी १०० ते ३५० युरो. त्यात अनेकदा बस-ट्रेनचा पासही येतो. घर घेताना तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत अनामत मागतात. ब्लॉक्ड अकाउंटमधून ती एकदम काढता येत नाही. त्यासाठी हाताशी वेगळे दीड-दोन लाख हवेत. विद्यार्थी-सेवा संस्थेच्या वसतिगृहाला मोठी प्रतीक्षायादी असते, म्हणून प्रवेशपत्र हातात पडेल त्याच दिवशी तिथे अर्ज करा.

निघण्याआधीचा खर्चही मांडून ठेवा. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) सक्तीचं आहे, त्याचे १८,००० रुपये. अनेक विद्यापीठांचे अर्ज ‘युनि-असिस्ट’मार्फत जातात: पहिल्याला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. वीस ठिकाणी अर्ज टाकण्यापेक्षा नीट वाचून सहा-सात ठिकाणी टाकावेत.

‘तिथे जाऊन कमावेल’ हे वाक्य घरात फार सहज बोललं जातं. नियमाने विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १२.८२ युरो होतं. त्या हिशेबाने महिन्याचं भाडं-जेवण निघू शकतं. पण पहिल्या सत्रात काम मिळेलच असं नाही, आणि परीक्षा राहिल्या की चार सत्रांचा कोर्स पाच-सहा सत्रांवर जातो. मग वाचवलेली फी लांबलेल्या मुक्कामाच्या खर्चात जाते. विद्यापीठातलंच सहायकाचं काम, ज्याला मुलं ‘हिवी’ म्हणतात, ते या दिवसांच्या मर्यादेत मोजलं जात नाही. पहिला शोध त्याचाच घ्यावा.

कोर्स इंग्रजीत असला, तरी काम, घर आणि पुढे नोकरी जर्मनवर अडते. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो. तो भाषा शिकण्यात घालवणं महागात पडतं. पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात किंवा पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये इथेच जर्मनच्या बी-१ पातळीपर्यंत पोहोचणं कितीतरी स्वस्त.

कर्ज काढणार असाल, तर एक गोष्ट पाहा. ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम बँकेने एकरकमी दिली, की पूर्ण रकमेवर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं आणि मुलाच्या हाती मात्र ती बारा महिन्यांत येते. शक्य असेल तर पहिल्या वर्षाची रक्कम बचतीतून उभी करा, कर्ज मंजूर करून ठेवा आणि लागेल तसं उचला. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. जर्मनीत पोहोचल्यावर ‘डॉइचलांडश्टिपेंडियुम’साठी अर्ज करता येतो: महिन्याला ३०० युरो, निम्मे केंद्र सरकारचे, निम्मे खासगी देणगीदारांचे. राष्ट्रीयत्वाची अट नाही, गुण आणि सामाजिक काम पाहतात.

थोडक्यात, दोन वर्षांना चोवीस लाख आणि वर तीन-चार लाख सुटे, एवढी तयारी असेल तर जर्मनी परवडते. सगळं पहिल्या महिन्यापासून पार्टटाइम कामावर भागवायचं असेल, तर एक वर्ष थांबा, जर्मन शिका, पैसे साठवा आणि मग अर्ज करा. पुढच्या लेखांकात शैक्षणिक कर्जाच्या मंजुरीपत्रातल्या बारीक अक्षरांतल्या अटी पाहू.