मध, सुया आणि दातातलं सिमेंट

तोंडाच्या कर्करोगाचं निदान झालेलं असतं, रेडिएशनची तारीख जवळ आलेली असते आणि डॉक्टर म्हणतात, ‘आधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या.’ घरचे चक्रावतात. इथे जिवावर बेतलंय आणि यांना दाढेची पडलीय! पण या टप्प्यावर दाढेची चिंता करायलाच हवी. डोकं-मानेच्या कर्करोगात सहा-सात आठवड्यांत मिळून साधारण 60 ते 70 ग्रे रेडिएशन दिलं जातं. त्याने जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा घटतो. नंतर कधी दाढ काढायची वेळ आली तर जखम भरत नाही, हाड कुजू शकतं. म्हणून वाचण्यासारखे नसलेले दात दोन-तीन आठवडे अगोदरच काढून टाकतात.

जुन्या दाढेत भरलेली ‘चांदी’ही इथे आडवी येते. किरण धातूवर आदळले की तिथून उलट फिरणारे इलेक्ट्रॉन शेजारच्या गालाला आणि जिभेला जादा भाजतात. त्यांचा पल्ला काही मिलिमीटरचाच असतो. म्हणून दात आणि गाल यांच्यामध्ये तेवढ्या जाडीचं एखादं आवरण बसवलं तरी पुष्कळ फरक पडतो.

उपचार सुरू झाले की तोंड येतं. हे नेहमीचं तोंड येणं नव्हे. पाण्याचा घोटही नकोसा होतो. मग शेजारपाजार सल्ले देऊ लागतो: हळद, कोरफड, तूप, मध. यांतला मध गंमत म्हणून सोडून देण्यासारखा नाही. कर्करोगाच्या रुग्णांची शुश्रूषा अभ्यासणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने 2020 मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. डोकं-मानेच्या रेडिएशनमध्ये तोंड येऊ नये म्हणून मध वापरता येईल, असं त्यांत म्हटलं आहे. अर्थात ही सौम्य सूचना आहे. कमी ताकदीच्या लेझरची शिफारस त्याहून ठाम आहे. शिवाय मध म्हणजे शेवटी साखरच. लाळ आटलेल्या तोंडात ती दातांना चिकटून बसते. मध घेणाऱ्याने चूळ आणि फ्लोराइड विसरून चालणार नाही.

लाळ का आटते? कानाखालच्या लाळग्रंथी किरणांच्या वाटेत येतात. त्यावर अ‍ॅक्युपंक्चरचा उपाय शांघाय आणि ह्यूस्टन इथल्या दोन मोठ्या कर्करोग रुग्णालयांनी मिळून तपासला. सुमारे 400 रुग्णांच्या या चाचणीचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. वर्षभरानंतर खऱ्या सुया टोचलेल्यांच्या तोंडाला नुसते नेहमीचे उपचार घेतलेल्यांपेक्षा कमी कोरड होती. पण खोट्या सुयांशी तुलना केली तेव्हा दोन शहरांची उत्तरं वेगळी निघाली. शांघायमध्ये खऱ्या सुया सरस ठरल्या. ह्यूस्टनमध्ये खोट्या सुयांनीही चांगलाच आराम दिला. असा निकाल लपवून न ठेवता छापला, म्हणून मला या अभ्यासाबद्दल आदर वाटतो.

मध आणि सुया उपचारांच्या जोडीला आहेत तोवर ठीक. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संशोधकांनी शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन सगळं टाळून फक्त पर्यायी उपचार घेतलेले 281 रुग्ण अभ्यासले. त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट होता. 2018 च्या त्यांच्या पुढच्या अभ्यासाने तर जोडीच्या उपचारांबद्दलही सावध केलं. किमान एक प्रचलित उपचार घेऊन सोबत पूरक उपचार करणाऱ्यांतही धोका दुप्पट निघाला. पूरक उपचारांत विष होतं म्हणून नव्हे. त्यांतल्या 53 टक्के रुग्णांनी, डॉक्टरांनी सुचवलेलं रेडिएशन नाकारलं होतं. इतरांत हे प्रमाण जेमतेम 2 टक्के होतं.

रेडिएशन संपतं, पण कोरड राहते आणि दात हिरडीलगत किडू लागतात. इथे काय भरायचं? दाताच्या रंगाचं कंपोझिट दिसायला छान. पण 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या सरकारी रसायनशाळेत विल्सन आणि केंट यांनी शोधलेलं ग्लास आयोनोमर सिमेंट दाताशी रासायनिक बंध जोडतं आणि हळूहळू फ्लोराइड सोडतं. रेडिएशन झालेल्या रुग्णांवरच्या कॅनडातल्या एका अभ्यासात (2002) फ्लोराइड नियमित न लावणाऱ्यांच्या कंपोझिटशेजारी नव्याने कीड लागली; सिमेंटशेजारी ती फारच कमी होती. मात्र सिमेंट स्वतः झिजतं, आम्लधर्मी फ्लोराइड जेल लावल्यास अधिकच. घरच्या मधाला ज्या कसोटीला उतरावं लागलं, तीच प्रयोगशाळेतल्या सिमेंटलाही लागू, आणि दोघांनाही पैकीच्या पैकी गुण नाहीत!

म्हणून अशा रुग्णाने जेल घेताना ती ‘न्यूट्रल’ सोडियम फ्लोराइडची आहे ना, हे दंतवैद्यांना विचारावं. त्यांनी करून दिलेल्या साच्यात भरून ती रोज लावायची असते, रेडिएशन संपून वर्षं लोटली तरीही.