सिस्टर, तुमची तपासणी झाली?

टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांमध्ये एक दीर्घ अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या जणींचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले, अशा चार फेऱ्या झाल्या. बाकीच्यांना कर्करोगाची फक्त माहिती दिली गेली. मॅमोग्राफी नव्हतीच. २०२१ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा तपासलेल्या गटात रोग लवकरच्या टप्प्यात सापडत होता आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमधले स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले होते. पन्नाशीच्या आत मात्र तसा फायदा दिसला नाही. तरी शिकवलेला हात काय करू शकतो, हे मुंबईने जगाला दाखवलं.

असाच हात आपल्या नर्सचा असतो. पण तिला कोण तपासतं?

अनेक देशांत नर्सच्या पाहण्या झाल्या आहेत. गाठीची, धोक्यांची माहिती भरपूर, नियमित तपासणी करून घेणाऱ्या कमी, हेच चित्र त्यांत पुन्हा पुन्हा दिसतं. कारणं समजण्यासारखी आहेत. नाइट संपवून घरी गेलं की डबे, मुलं, सासूबाईंची औषधं. ऑफ मिळाला तर झोप. त्यातून ज्या रुग्णालयात रोज काम करायचं, तिथल्याच ओळखीच्या डॉक्टरपुढे उघडं व्हायचं आणि संध्याकाळपर्यंत रिपोर्टची चर्चा साऱ्या वॉर्डात व्हायची, ही भीती खोटी नाही. मला हेच कारण सर्वांत मोठं वाटतं.

‘मी घरीच बघते’ हे उत्तरही पुरेसं नाही. शांघायमध्ये अडीच लाखांहून अधिक गिरणी कामगार स्त्रियांवर अभ्यास झाला. त्यांतल्या निम्म्यांना स्वतःची तपासणी नीट शिकवली गेली, पण त्यांच्यातले मृत्यू कमी झाले नाहीत. बदल जाणवला तर लगेच दाखवायलाच हवं. पण तेवढ्यावर विसंबून राहता येत नाही.

त्यात रात्रपाळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये शरीराचं घड्याळ बिघडवणाऱ्या पाळ्यांचं काम ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवलं आणि २०१९ मध्ये रात्रपाळीबद्दल तोच निर्णय कायम ठेवला. सगळे अभ्यास एकमुखाने तसं सांगत नाहीत, पण दुर्लक्ष करावं इतकी ही शंका लहान नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या शंभरातल्या एकीचीही स्तनतपासणी कधी झालेली नव्हती. हा आकडा ज्यांच्या हातून बदलायचा, त्या नर्सना आणखी एक व्याख्यान नको आहे. तपासणीची वेळ ड्यूटीच्या तक्त्यात लिहा आणि ती पगारी धरा. तपासणारी स्त्री असावी, शक्यतो दुसऱ्या रुग्णालयातली, आणि रिपोर्ट थेट त्या नर्सच्याच हाती द्यावा. रजा घेतली की पगार कापला जाणाऱ्या कंत्राटी सिस्टरांची नावं त्या तक्त्यात सर्वांत आधी हवीत.