कार्ड हातात नसताना परदेशी निघायचं का?



आपल्याकडे असं घर क्वचितच सापडेल, ज्यातलं कोणी परदेशात नाही. मुलगा कुवेतला, भाची कॅनडात, बहीण अमेरिकेत. आणि तिकडून फोनवर एक प्रश्न हमखास येतो : "कार्डासाठी अर्ज केलाय, पण कार्ड अजून हातात नाही. मधल्या काळात घरी येऊन जाऊ का?"

मी वकील नाही. नर्सिंगचा डिप्लोमा करून बरीच वर्षं कुवेतमध्ये वॉर्डात नोकरी केली. शेवटची वर्षं रुमैथियात भाड्याच्या घरात राहत होते. हवल्ली प्रांतातली ही वस्ती, साल्मिया आणि सल्वा यांच्या शेजारची. माझ्याबरोबरच्या मुलींना रजा मिळायची, तिकीटही मिळायचं; घोडं अडायचं ते या कागदांवर. म्हणून जे पाहिलं आणि जे समजून घेतलं ते सांगते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. राहण्याचा हक्क वेगळा आणि त्या हक्काचा पुरावा वेगळा. डॉक्टरने डिस्चार्ज दिला की पेशंट सुटला. पण कागद तयार होईपर्यंत गेटवरचा वॉचमन त्याला सोडत नाही. तसंच हे. विमान कंपनीच्या काउंटरवरचा माणूस तुमचा हक्क बघत नाही, तो कागद बघतो. म्हणून पहिला प्रश्न हा, की तुमचा हक्क मंजूर होऊन फक्त कार्ड यायचंय, की मुळात हक्कच अजून मंजूर व्हायचाय?

कुवेतचं बघू. तिथे आपल्यासारख्या परदेशी नोकरदाराला कायमचं राहण्याचं कार्ड मिळत नाही. माणूस तीस वर्षं राहिला तरी मुदतीचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, आणि त्यावरून मिळणारा सिव्हिल आयडी. तिथले आपले लोक त्याला 'बताका' म्हणतात. पूर्वी इकाम्याचा स्टिकर पासपोर्टातच लागायचा. १० मार्च २०१९ पासून परदेशी लोकांसाठी तो बंद झाला आणि सगळी माहिती सिव्हिल आयडीवर गेली. त्यामुळे पासपोर्ट खिशात असला तरी परत येताना बताका लागतो. आता मोबाइलमध्येही तो दिसतो, पण मोबाइल हरवतो, बंद पडतो. माझ्या मते कार्डही जवळ असावं.

यात दोन तऱ्हा होतात. नवीन माणूस व्हिसावर कुवेतला उतरला, त्याची मेडिकल, बोटांचे ठसे वगैरे चालू आहेत, इकामा अजून लागलेला नाही. अशा वेळी तो निघून आला तर आत येण्याचा व्हिसा वापरून झालेला असतो आणि बहुतेक वेळा सगळं पहिल्यापासून करावं लागतं. तेव्हा त्याने इकामा लागेपर्यंत हलू नये. दुसरा जुना माणूस, इकामा चालू आहे, फक्त नवीन कार्ड छापून यायचंय. त्याचं काम सोपं, पण निघण्याआधी परवान्याची तारीख, पासपोर्टची तारीख आणि मालकाची रजा ही तिन्ही तपासावीत. पासपोर्ट संपत आला असेल तर तो आधी नवा करावा, कारण पासपोर्टच्या मुदतीपुढे इकामा मिळत नाही.

आणखी दोन नियम. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ कुवेतबाहेर राहिलं की इकामा रद्द होऊ शकतो. कोविडच्या काळात यात सवलत होती, ती नंतर काढून घेतली. आई आजारी म्हणून गावी आलेला मुलगा "अजून थोडे दिवस" करत राहतो आणि परवाना जातो, हे मी पाहिलेलं आहे. आणि १ जुलै २०२५ पासून खासगी नोकरीतल्या परदेशी माणसाला देश सोडण्याआधी मालकाने मंजूर केलेला एक्झिट परमिट लागतो. तो नसेल तर विमानतळावर अडकाल.

आता अमेरिका. तिथे ग्रीन कार्डचा अर्ज देशात राहूनच केला असेल आणि तो निकाली निघालेला नसेल, तर आगाऊ परवानगी घेतल्याशिवाय बाहेर पडू नये. तिला 'अ‍ॅडव्हान्स पॅरोल' म्हणतात. ती न घेता निघालं तर अर्ज सोडून दिला असं धरतात. एच-१ किंवा एल-१ व्हिसावर नोकरी करणाऱ्यांना यात सूट आहे, पण मुलाकडे पाहुणे म्हणून गेलेल्या आणि तिथेच अर्ज केलेल्या आईवडिलांना नाही. खरी भीती आपल्याच वयाच्या माणसांना आहे, बरं का. घरात कोणी अत्यवस्थ असेल तर तातडीची परवानगी मागता येते. हॉस्पिटलचं पत्र जोडावं. याउलट जे भारतातूनच इमिग्रंट व्हिसा घेऊन गेले, त्यांच्या त्या व्हिसावर अमेरिकेत उतरताना शिक्का बसला की एक वर्ष तोच कार्डाचं काम करतो.

कॅनडाची गोष्ट निराळी. तिथे कार्ड संपलं म्हणून हक्क संपत नाही. पण विमानात बसायला कार्ड हवं. ते नसेल तर बाहेरच्या देशातून परतीचा खास प्रवासी कागद काढावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. कार्ड फक्त कॅनडातल्या पत्त्यावरच टपालाने येतं. मुंबईला किंवा कुवेतला ते पाठवत नाहीत. शिवाय पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहावं लागतं. नवरा किंवा बायको कॅनडाची नागरिक असेल तर तिच्यासोबत बाहेर काढलेले दिवस मोजतात. पण नागरिक मुलासोबत राहिलेल्या आईवडिलांचे दिवस मोजत नाहीत. पुष्कळ घरांत हा गैरसमज आहे.

नर्स म्हणून एक सांगते. कागद अडकले की मुक्काम वाढतो आणि गोळ्या संपतात. ठरवलेल्या दिवसांपेक्षा महिनाभराची जास्त औषधं घ्या, मूळ पाकिटातच ठेवा, आणि डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासकट बरोबर असू द्या. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका. ट्रॅमाडॉल, कोडीन असलेली दुखण्याची किंवा खोकल्याची औषधं कुवेतला नेताना फार जपा. चिठ्ठी नसेल तर मोठी भानगड होते.

कागदांच्या दोन प्रती काढा. एक आपल्याजवळ, एक घरच्यांजवळ. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं, तेव्हा लाखाहून जास्त भारतीयांना अम्मानमार्गे विमानाने आणलं. घरदार, बँक सगळं मागे राहिलं. ओळख पटवायला हाताशी असलेले कागदच कामाला आले.

शेवटी अवघड गोष्ट. आपल्यात दफन लवकर होतं. कार्डाची वाट बघणारा मुलगा धावत निघाला तरी माती द्यायला बहुधा पोहोचत नाही. मग सात दिवसांच्या दुखवट्याला येण्यासाठी त्याने मंजूर न झालेला अर्ज पणाला लावायचा का? हे त्याच्या एकट्यावर सोडू नका. घरातल्या मोठ्यांनी आधीच बसून बोलावं आणि गरज पडली तर "तू तिथेच राहा, आम्ही आहोत" असं स्वतःहून सांगावं. आपण म्हटलं नाही, तर तो न आल्याचं ओझं जन्मभर वागवतो. नियम बदलत असतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या सरकारी कार्यालयात किंवा वकिलातीत एकदा विचारा, आणि जमल्यास उत्तर लेखी घ्या.