स्थिर वाटणारी होडी



नवगावच्या किनाऱ्याशी फुटलेल्या गलबताची कथा ऐकत आपण सारे लहानाचे मोठे झालो. तरीही होडीच्या घडणीविषयी मला सत्तरीपर्यंत काहीच ठाऊक नव्हते. मी आयुष्यभर परिचारिका होते. गेल्या उन्हाळ्यात माझा नातू मिशिगन सरोवरात कयाकसह उलटला, तेव्हापासून मी विचारपूस करू लागले. सोबत्यांची होडी जवळच होती, म्हणून तो वाचला.

येथे ॲन आर्बरमध्ये ह्युरॉन नदीवर आर्गो पार्कपासून गॅलप पार्कपर्यंत मुले मजेने कयाक वल्हवीत जातात. नातवाची कयाक नदीसाठीच होती: सुमारे १० फूट लांब, अडीच फूट रुंद, सपाट तळाची. नदीवर ती पलंगासारखी स्थिर वाटे. मग सरोवरात तीच का उलटली?

पाण्यावर लाकडी पाट सोडून पाहा. पाणी संथ असेल तर पाट सपाट राहतो; पाणी कलले की तोही कलतो. रुंद, सपाट तळाचे असेच आहे. बाजूने लाट आली की होडी लाटेच्या उताराबरोबर कलते आणि माणसाला बाहेर लोटते. याउलट सागरी कयाक सुमारे १६-१७ फूट लांब आणि जेमतेम २२ इंच रुंद असते. तिचा तळ गोलसर असतो. तीत बसताच ती डुगडुगते आणि नवखा घाबरतो. परंतु ती लाटेला आपल्याखालून सरकू देते. कंबर सैल ठेवली की वरचे अंग सरळ राहते. ती अधिक कलली तर तिची बाजू पाण्यात उतरून तिला आधार देते. संथ पाण्यातली स्थिरता आणि लाटांतली स्थिरता या दोन भिन्न गोष्टी आहेत.

लांबीने होडी दिशा धरून ठेवते. तळाला किंचित बाक असेल तर ती लाटेच्या माथ्यावर चटकन वळते. बाजूचा वारा चालत्या कयाकचे मागचे टोक ढकलतो, त्यामुळे तिचे तोंड वाऱ्याकडे फिरते. यासाठी मागच्या तळातून स्केग नावाचे पाते खाली सोडतात; ते मागचे टोक जागी धरते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आतले कप्पे. सागरी कयाकमध्ये पुढे व मागे आडव्या भिंती घालून पाणी न शिरणारे कप्पे केलेले असतात. उलटली तरी पाणी केवळ बसण्याच्या जागेत भरते. नातवाच्या होडीत तशी सोय पुरेशी नव्हती. १०० लिटर पाणी शिरले म्हणजे १०० किलो ओझे, आणि तेही हलते. भरलेले बेसिन हाती घेऊन वॉर्डातून चाललेल्या कोणत्याही परिचारिकेला पाण्याचा तो हिंदकळा ठाऊक असतो.

पुढचे माझ्या व्यवसायातले. कॅनडातील शास्त्रज्ञ गॉर्डन गीसब्रेख्ट बर्फासारख्या थंड पाण्याचा हिशेब असा सांगतात: श्वास आवरण्यास १ मिनिट, हातपाय कामी येतात ती १० मिनिटे, शुद्ध हरपेपर्यंत सुमारे १ तास. म्हणून होडीत लवकर परत चढता येणे हाच जीव वाचविण्याचा मार्ग. आणि पाण्याने भरलेल्या होडीत चढता येत नाही.

यंदा नातवाला म्युनिसिंगहून पिक्चर्ड रॉक्सचे कडे पाहावयास जावयाचे आहे. तेथील सुपीरियर सरोवर भर उन्हाळ्यातही थंड असते. त्याची आई नको म्हणते. मी म्हटले, "जा, पण सागरी कयाक घे, कमरेभोवती पाणी रोखणारे आच्छादन बांध, थंडीचा पोशाख व लाइफ जॅकेट अंगावर ठेव. आणि आधी उथळ पाण्यात उलटून, पुन्हा आत चढून मला दाखव." पहिल्या प्रयत्नात त्याला ते साधले नाही. येत्या रविवारी तो पुन्हा करून दाखविणार आहे. साधेपर्यंत मी होकार देणार नाही.