खरी परीक्षा उताराची

जुलै 2019 मध्ये महाराष्ट्रातून निघालेला एक ट्रेलर तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात पोहोचला तो जुलै 2020 मध्ये. अंतर साधारण 1700 किलोमीटर. वर सुमारे 70 टनांचं ऑटोक्लेव्ह, उंची साडेसात मीटर. गाडीला 74 चाकं आणि सोबत तीसेक माणसं. टाळेबंदीत गाडी अडकून पडली हे खरं, पण एरवीही दिवसाला पाचेक किलोमीटर सरकलं तरी खूप, अशी स्थिती होती. विजेच्या तारा उतरवायच्या, झाडं छाटायची, रस्त्याची डागडुजी करून घ्यायची आणि मगच चाक हलवायचं.

आपल्याकडे मालवाहू गाडीची रुंदी नियमाने 2.6 मीटरला थांबते. त्याबाहेरचा माल तो ‘ओडीसी’: वीजकेंद्राचं रोहित्र, कारखान्याचा बॉयलर, पवनचक्कीचं पातं. त्यासाठीचा हायड्रॉलिक ट्रेलर हे फार विचारपूर्वक घडवलेलं यंत्र आहे. त्याच्या प्रत्येक ओळीत बहुधा आठ चाकं असतात आणि ओझ्याप्रमाणे ओळी जोडत जातात. सगळ्या ओळी वळतात. चाकांवरचे तेलाचे दट्टे खालीवर होऊन वजन सारखं वाटतात. रस्ता एका अंगाला कलता असला, तरी माल सरळ ठेवता येतो. कललेल्या रस्त्यावर उंच ओझ्याचा तोल जायला फार वेळ लागत नाही, म्हणून दट्ट्यांवर नजर ठेवणारा माणूस ट्रेलरच्या बाजूने पायी चालतो. माझ्या मते या ताफ्यात त्याचं काम ड्रायव्हरइतकंच मोलाचं आहे.

आता हा ताफा घाट चढताना पाहू. समजा, माल, ट्रेलर आणि ओढणारा पुलर मिळून वजन 200 टन आहे. शंभर मीटरला सहा मीटर चढ असेल, तर नुसत्या चढामुळे 12 टनांचा ओढा मागे खेचतो. इंजिनात ताकद असून भागत नाही, टायरने डांबर धरायला हवं. म्हणून पुलरच्या पाठीवर मुद्दाम वजनं लादतात. पावसाने रस्ता ओला झाला की ही पकड बरीच घटते आणि चाकं जागच्या जागी फिरू लागतात.

यू वळणावर अडचण वेगळी. घाटरस्त्याच्या भारतीय मानकांत अशा वळणाची आतल्या बाजूची त्रिज्या किमान 14 मीटर धरली आहे. जुन्या घाटांत तीही सगळीकडे मिळत नाही. लांब ट्रेलर वळताना मधला भाग आत कापत येतो, तर मागे लोंबणारा माल बाहेर झाडत जातो. एकीकडे कडा, दुसरीकडे कठडा. पुष्कळ ठिकाणी डोंगर कापून निघालेल्या मातीचाच भराव दरीच्या बाजूला घातलेला असतो. पावसाळ्यात तो आतून भिजतो आणि वरून काही दिसत नाही. जाणता ड्रायव्हर म्हणूनच ओझं डोंगराच्या अंगाने ठेवतो. रस्त्याखालच्या जुन्या मोऱ्यांचीही तीच गत. किती भार पेलेल, हे वरून कळत नाही.

पण चढताना गाडी थांबली तर चाकांना ठोकळे लावून विचार करता येतो; उतारावर तेवढी उसंत मिळेलच असं नाही. खंडाळ्याहून खोपोलीला येताना उंची जवळपास पाचशे मीटरने घटते. 200 टन एवढे खाली येताना सुटणारी ऊर्जा पावणेतीनशे युनिट विजेइतकी होते. तिचा मोठा भाग ब्रेकवर आला तर ड्रम तापतात, लायनिंगची पकड सुटते आणि पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकायचा आणि वेगाचा बराचसा भार इंजिनावर घ्यायचा. अवघड ठिकाणी मागेही एक पुलर जोडतात. चढाला तो ढकलतो, उताराला धरून ठेवतो.

या कामाचा जीव रस्त्याच्या आगाऊ पाहणीत आहे. टेप घेऊन प्रत्येक वळण मोजणं, पुलाची क्षमता तपासून घेणं, वीज कंपनीची आणि पोलिसांची वेळ ठरवणं. पैसे आणि दिवस वाचवण्यासाठी ही पाहणी उरकली जाते तेव्हा संकट गाडी निघण्यापूर्वीच ठरलेलं असतं. ओडीसीचा परवाना देताना वळणावळणाची मापं मागितलीच पाहिजेत.

आणि आपल्याला, म्हणजे मागे खोळंबलेल्यांना, एवढंच सांगणं: घाटात पुढे चालणारी पायलट गाडी आणि ट्रेलर यांच्यामध्ये घुसू नका. वळणाच्या मध्यावर त्या ड्रायव्हरला थांबवलंत, तर चढावर पुन्हा गाडी उचलणं त्याच्या हातात राहीलच असं नाही. इंजिन बंद करून थांबा आणि त्याला जाऊ द्या.